टिमकी माझी, काठी माझी

बढाया मारणारी माणसं मी सिडनीत पुष्कळ पाहिली. ऐकताना आपण मनातल्या मनात निम्मं वजा करतो आणि मान डोलावतो, म्हणजे दोघांचंही भागतं. आमच्या घरमालकीण काकूंच्या बाबतीत ती सोय नव्हती, कारण त्यांच्या बढाया खऱ्या निघायच्या. खोट्या फुशारकीला हसता येतं. खऱ्या फुशारकीचं करायचं काय, हा प्रश्न ब्लॅकटाउनपासून स्कोफिल्ड्सपर्यंतच्या तमाम मराठी मंडळींना पडलेला होता, आणि माझ्यापुरता तो अजून सुटलेला नाही.

मी युनिव्हर्सिटीत शिकायला आले तेव्हा क्वेकर्स हिलला त्यांच्या घरात खोली भाड्याने घेतली. बघायला गेले तर खोली राहिली बाजूलाच. काकूंनी मला हाताला धरून थेट मागच्या अंगणात नेलं आणि कढीपत्त्याच्या झाडासमोर उभं केलं. म्हणाल्या, "हे बघ. ह्या कौन्सिलच्या हद्दीत असं झाड दुसरं नाही." मी नव्या भाडेकरूला शोभेल इतपत मान हलवली. पुढे त्या हद्दीतले बरेच कढीपत्ते माझ्या पाहण्यात आले. कुणी कुंडीत कुढत बसलेला, कुणी थंडीत नुसत्या काड्या उरलेला. काकूंचं झाड छपराच्या पन्हळीला टेकलं होतं. जूनमध्ये थंडी पडली की त्याला काकांचा लोकरी ओव्हरकोट घातला जायचा, बटणंबिटणं लावून. काका म्हणजे काकूंचे यजमान. ते दोन स्वेटर चढवून शेजारी उभे असायचे आणि थंडी वाजत नाही का असं विचारलं की म्हणायचे, "बरं आहे."

पार्किंगचं तर विचारूच नका. काकू रस्त्याकडेला दोन गाड्यांच्या मधल्या फटीत उलटी गाडी एका फटक्यात घालायच्या. कॅमेरा नाही, बीप नाही, चाक कडेला अगदी समांतर. पण गाडी लावल्यावर लगेच उतरायच्या नाहीत. आरशात बघत बसायच्या. मी नवीन होते, मला वाटलं दम खात असतील. मग लक्षात आलं की आपलं कसब कुणी पाहिलं का ते त्या शोधतायत. कुणी पाहिलं नसेल तर गाडी बाहेर काढून पुन्हा लावायच्या. एकदा ब्लॅकटाउनला भाजी आणायला गेलो तर तिसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्याने थांबून अंगठा दाखवला, तेव्हा कुठे आम्ही उतरलो. तोवर चांगली कोथिंबीर संपली होती.

मी कधी विचारलं, "काकू, सारखं स्वतःचं काय सांगायचं?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मग कुणाचं सांगू? शेजारणीचं मला नीट माहीत नाही. अर्धवट माहितीवर बोलू नये."

एकाच विषयावर त्या गप्प असायच्या. तो विषय म्हणजे काका.

काका फार वर्षांपूर्वी इंजिनियर म्हणून स्किल्ड व्हिसावर आले होते आणि आता रिटायर होऊन घरातले नळ दुरुस्त करत. नादुरुस्त नळ हाताशी नसला तर चांगला नळ उघडून बसत. बोलणं मोजकं. कौतुकाच्या त्यांच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली "चालेल". दुसरी "बरं आहे". आणि तिसरी, सणासुदीची, "बरं आहे हं". त्या "हं"साठी काकू काय करायच्या नाहीत. एकदा साखरभाताला "हं" मिळाला, तर आम्हा भाडेकरूंना चार दिवस साखरभात. आम्ही काकांना हात जोडले की पुन्हा म्हणू नका.

आणखी एक गोष्ट होती. काका त्यांना नावाने हाक मारत नसत. "अगं", नाहीतर "ऐकलंस का", आणि त्या समोर नसल्या की "ही कुठाय?" त्या पिढीत तसं असतंच म्हणा. पण इथे येऊन काकूंचं नाव साफ बेपत्ताच झालं होतं. आम्ही भाडेकरू काकू म्हणायचो, सगळं मराठी मंडळ काकू म्हणायचं, शेजारचा ऑसी, म्हणजे ऑस्ट्रेलियन, आजोबा "लव्ह" म्हणायचा. दवाखान्यात नर्स नाव पुकारायची तर त्याचे असे काही तुकडे करायची की काकू स्वतःच मागे वळून कोण उठतंय ते बघायच्या.

त्यांच्या लग्नाचा अल्बम मी पाहिलाय. त्यात घास भरवण्याचा फोटो आहे. काकूंनी त्या वेळी काकांच्या सगळ्या पदव्या गुंफून लांबलचक उखाणा घेतला होता आणि मांडवाने टाळ्या वाजवल्या होत्या. मग सगळे काकांच्या मागे लागले, आता तुम्ही नाव घ्या. काकांनी समोरची जिलबी अख्खी तोंडात कोंबली. त्यांना जो ठसका लागला तो फोटोग्राफर दुसऱ्या पंगतीकडे जाईपर्यंत थांबला नाही. फोटोत काकांच्या हातात पाण्याचा पेला आहे, डोळ्यांत पाणी आहे, आणि काकू त्यांच्या तोंडाकडे बघतायत. काकू ही गोष्ट हसत हसत सांगायच्या. पण शेवटी अल्बम मिटताना म्हणायच्या, "अजून एकदाही घेतलं नाही हो." हे मात्र त्या हसून म्हणत नसत.

आता गाण्याकडे येते.

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणजे गोड बोलणारं प्रकरण. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी गुळाच्या पोळ्या केल्या होत्या आणि डबा उघडायच्या आधीच, ह्याहून खुसखुशीत पोळी तुम्ही खाल्ली नसेल, असं जाहीर केलं होतं. अध्यक्षीणबाईंनी माइक घेतला. म्हणाल्या, पोळ्या उत्तमच आहेत, पण काकू आम्हाला कौतुकाची संधी देतच नाहीत, स्वतःची टिमकी स्वतःच वाजवून मोकळ्या होतात. हॉल हसला. काकूही हसल्या. पण परत येताना त्यांनी गाडी एकदाच लावली आणि आरशात न बघता उतरल्या. मला काळजी वाटली.

घरात आल्या त्या तडक कांदे आणायला गराजमध्ये गेल्या. तिथे आमचा डीजे बसला होता. डीजे म्हणजे पुढच्या खोलीतला भाडेकरू, पुण्याचा इंजिनियर. दिवसभर आयटीत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात लॅपटॉपवर बीट बनवायचा. ते बीट कुणीच ऐकत नसे, कारण त्यावर गायला माणूस नव्हता. त्या वेळी त्याचा धडाम धडाम चालू होता. काकू कांद्याच्या पोत्यापाशी थांबल्या, दोन कांदे उचलले, आणि स्वतःशीच, पण त्या तालात, म्हणाल्या:

टिमकी माझी, काठी माझी, हात माझा, ताल माझा,
त्रास होतो? खिडकी लाव. कान तुझा, दोष तुझा.

डीजेने हेडफोन काढले. "काकू, परत म्हणा."

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं. लिटरली टेम्पोत आलं. काकू, हे रॅप आहे."

काकूंना रॅप म्हणजे काय ते माहीत नव्हतं. डीजेने कांदे खाली ठेवायला लावून त्यांना काही गाणी ऐकवली आणि अर्थ सांगितला. हा म्हणतोय माझ्यासारखा कोणी नाही. ही म्हणतेय सगळ्यांत भारी मी. हा म्हणतोय माझं घर बघ, माझी गाडी बघ. काकू कान देऊन ऐकत होत्या. "आणि ह्यांना कुणी काही बोलत नाही?" त्यांनी विचारलं. डीजे म्हणाला, बोलतात कसले, ह्यात तोच सिलॅबस आहे. काकू तिथेच पोत्यावर बसल्या. ज्या गोष्टीपायी त्यांनी जन्मभर बोलणी खाल्ली तिचं इथे रीतसर शास्त्र होतं. तो चेहरा मी विसरणार नाही. कांदे तसेच राहिले आणि त्या संध्याकाळी आम्ही पिझ्झा मागवला.

मग घरात दुसरा विषय उरला नाही. काकू पोळ्या लाटताना ओळी रचायच्या, डीजे ओट्यापाशी फोन धरून रेकॉर्ड करायचा आणि मला यमकं सुचवायच्या कामाला लावलं होतं. काकूंची अट एकच होती. बढाई खरी पाहिजे. डीजेने "माझ्याकडे दहा गाड्या" असं काहीतरी सुचवलं तर त्याला त्यांनी गराजमध्ये नेऊन एक गाडी मोजून दाखवली. ज्या गायकांची गाणी तो ऐकवायचा त्यांच्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. व्हिडिओ बघून म्हणायच्या, "गाडी भाड्याची आहे मेल्याची. दार उघडताना चाचपडतोय बघ." शेवटी जे तयार झालं त्यातलं थोडंसं देते:

एका फटक्यात रिव्हर्स पार्क, मागे बघत नाही,
कॅमेऱ्याचा बीपसुद्धा मला लागत नाही.
कढीपत्ता माझा बघ, पार छपराला भिडला,
तुझा बिचारा कुंडीतला जूनमध्येच झडला.
पोळी फुगते टम्म तरी स्मोक अलार्म गप्प,
तुझी नुसती फोडणी अन् अख्खी स्ट्रीट ठप्प.

गाण्याच्या शेवटी दोन ओळींची जागा मोकळी होती. बीट चालू, शब्द नाहीत. ती जागा काकूंनी मागून घेतली होती. एकदा जेवताना, आमटी वाढता वाढता, त्या काकांना म्हणाल्या, "शेवटी तुम्ही यायचं. काही गायचं नाही. फक्त माझं नाव घ्यायचं." काकांनी भातात खड्डा केला, आमटी घेतली, खड्डा बुजवला. मग म्हणाले, "बघू." आमच्या घरात "बघू"चा अर्थ सगळ्यांना माहीत होता, पण काकूंनी तो त्या दिवशी वेगळा लावला असावा. कारण जेवण झाल्यावर त्या गुणगुणत होत्या.

व्हिडिओचं शूटिंग एका शनिवारी ठरलं. वेशभूषा काकूंनी स्वतःच केली. काठापदराची साडी, वर गादीसारखं फुगलेलं पफर जॅकेट, पायात मेंढीच्या लोकरीचे बूट, गळ्यात स्वतःची पुतळ्यांची माळ. डीजे म्हणाला होता की खोटी सोन्याची साखळी आणतो, तर त्याला घराबाहेर काढायचंच बाकी ठेवलं. काळा गॉगल मात्र ऑथेंटिक होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला, बाजूनेही झाकणारा. तो घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि आम्ही दोघं आपोआप एक पाऊल मागे सरलो.

रॅपच्या व्हिडिओत पदर उडाला पाहिजे असं डीजेचं मत होतं आणि पंख्याने पफर जॅकेटखालचा पदर काही हलेना. तेव्हा शेजारचा ऑसी आजोबा कुंपणावरून डोकावला आणि आपलं लीफ ब्लोअर घेऊन आला, म्हणजे पाचोळा उडवायचं ते पाइपवालं यंत्र. "जस्ट से व्हेन, लव्ह," म्हणाला आणि काकू काही म्हणायच्या आतच चालू केलं. पदर असा उडाला की थेट कढीपत्त्यात अडकला. काकू झाडाला बांधल्यासारख्या उभ्या, वरून पानांचा पाऊस, आणि त्यांनी एक शब्द न चुकता कडवं पूर्ण केलं. हाच टेक ठेवला. बघणाऱ्यांना वाटलं काय कल्पना आहे.

दुसरं लोकेशन होतं स्कोफिल्ड्सकडचं डिस्प्ले होम. नव्या वसाहतीत बिल्डर एक नमुना घर सजवून ठेवतात आणि लोक वीकेंडला बघायला जातात, तसलं. रॅपरला बंगला हवाच, असं डीजेचं म्हणणं. काकू आल्या, पण हे घर माझं आहे असं म्हणायला साफ नकार. मग त्या घरभर फिरल्या. फळांच्या टोपलीतलं सफरचंद उचललं, ते प्लास्टिकचं. टीव्ही ठोकून पाहिला, तो पुठ्ठ्याचा. फ्रिज उघडला, आत पुस्तिका. त्या सोफ्यावर बसल्या, पायावर पाय टाकला आणि आम्हाला न विचारता सुरू झाल्या:

फळं खोटी, टीव्ही खोटा, घर सगळं डमी,
ह्या सगळ्यात खरं काय? बघ, खरी फक्त मी.

मी कॅमेरा धरला होता, तो हसण्याने इतका हलला की ते दृश्य भूकंपात काढल्यासारखं दिसतं. एवढ्यात घर विकणारा तरुण एजंट आला. आम्हाला वाटलं आता बाहेर काढणार. त्याला काकू गिऱ्हाईक वाटल्या. त्याने माहिती द्यायला सुरुवात केली आणि काकूंनी त्यालाच माहिती दिली. स्वयंपाकघराचा पंखा धूर बाहेर सोडत नाही, ओटा फार उंच, पोळ्या लाटणाऱ्या बाईचा हा ओटा नव्हे. तो लिहून घ्यायला लागला. शेवटी व्हिडिओत तो काकूंच्या मागे हाताची घडी घालून, बॉडीगार्डसारखा उभा आहे. जाताना म्हणाला, त्याच्या आईलाही हेच म्हणायचं असतं.

सगळं मनासारखं होत होतं. राहिला होता तो शेवटचा शॉट. अंगणात दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एक काकूंची, एक काकांची. आणि काका सकाळपासून गायब होते. नळाचा वॉशर आणायला गेले होते. मला शोधायला पाठवलं.

इथे वीकेंडला हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाच्या दारात सॉसेज भाजतात आणि ब्रेडमध्ये घालून देतात. काका तिथल्या बाकावर सापडले. शाकाहारी माणूस, सॉसेजशिवाय सॉसेज सँडविच खात होते. म्हणजे ब्रेड आणि परतलेला कांदा. मी शेजारी बसले. कांदा संपल्यावर म्हणाले, "जमत नाही गं."

मी म्हटलं, "काका, एक नाव तर घ्यायचंय."

"गाडीत येतं," ते म्हणाले. "एकटा असलो की येतं. चांगलं मोठ्याने येतं. ही समोर आली की घशात अडकतं. आमचे वडील आईला हाक मारायचे ते दाराची कडी वाजवून. सवयच नाही."

मी सुचवलं की मग काकूंना गाडीतच बसवा.

"ते करून बघितलं," काका म्हणाले. "ही रिव्हर्स कसा घ्यायचा ते सांगायला लागली."

मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की काय सांगू. उठताना त्यांनी बजावलं, हे तिला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. घरी गेल्यावर काका वॉशर घेऊन थेट बाथरूममध्ये शिरले आणि दार लावून घेतलं.

काकूंनी डीजेला फक्त एवढंच म्हटलं, "चालू कर." बीट चालू झालं. मोकळी जागा आली. काकूंनी गॉगल कपाळावर सरकवला, रिकाम्या खुर्चीकडे वळल्या, कानामागे हात धरला आणि थांबल्या. दोन ओळी संपेपर्यंत तशाच थांबल्या. मग गॉगल खाली ओढून धृपद सुरू केलं. आजोबाने लीफ ब्लोअर आपणहून बंद केलं होतं.

गाणं इंटरनेटवर आलं आणि आमच्या भागात धुमाकूळ झाला. ट्रेनमध्ये, टेम्पलमध्ये, इंडियन ग्रोसरीच्या रांगेत लोक काकूंना ओळखायला लागले. एका फिजीच्या बाईने तर पार्किंग शिकवा म्हणून गळ घातली. आणि गंमत अशी की सगळ्यांत जास्त गाजली ती मोकळी जागाच. पोरांना ती स्टाईल वाटली. चष्मा वर, मान तिरकी, कानामागे हात, थांबायचं. शाळांच्या मैदानांवर मुलं ती पोझ करायला लागली. आई अभ्यास झाला का विचारायची की पोरगं कानामागे हात. मराठी बोलायला सांगितलं की ज्यांना घाम फुटतो ती पोरं "टिमकी माझी, काठी माझी" घडाघडा म्हणायची.

काकूंनी सगळ्याची बढाई मारली. पदराची मारली, सोफ्यावरच्या ओळीची मारली, गॉगलचीही मारली. त्या जागेबद्दल मात्र अवाक्षर नाही. कुणी म्हणालं, काकू, तो पॉज काय भन्नाट आहे, तर त्या म्हणायच्या, "चहा घेणार का?" मी एकदा त्यांना स्वयंपाकघरात फोनवर व्हिडिओ बघताना पाहिलं. त्या जागेपाशी आल्या की मागे न्यायच्या, पुन्हा बघायच्या. मला बघून फोन पालथा ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि काकांच्या बाथरूमचं दार फोडावंसं वाटलं.

गणपतीच्या कार्यक्रमात अध्यक्षीणबाईंना काकूंना शेवटचा नंबर द्यावाच लागला. पोरांनी तसा आग्रहच धरला होता. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. स्टेजच्या डाव्या हाताला किचन, आणि किचनमधून हॉलमध्ये पदार्थ द्यायला खिडकी, तिला पत्र्याचं शटर. काका दर वर्षी आत चहा बघायचे. कार्यक्रमात कपबश्यांचा आवाज नको म्हणून शटर खाली ओढून ठेवायचे.

काकू स्टेजवर आल्या, तोच पफर, तेच बूट. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला होता. अध्यक्षीणबाईंवरून काकूंनी एक नवी ओळ टाकली ती इथे लिहीत नाही, पण त्या बाईच सगळ्यांत जास्त हसल्या, एवढं नोंदवते. पहिल्या रांगेत ऑसी आजोबा मोदकाची दुसरी प्लेट घेऊन बसला होता. डीजे कोपऱ्यात लॅपटॉपवर. आणि मोकळी जागा आली.

काकूंनी गॉगल वर केला, मान तिरकी केली, कानामागे हात. हॉलमधल्या सगळ्या पोरांनी कानामागे हात धरले. मागून कुणीतरी ओरडलं, "वेट फॉर इट." मी काकूंकडे बघत होते. त्या पोरांकडे बघत नव्हत्या. सवयीने रिकाम्या बाजूला बघत होत्या.

तेवढ्यात घर्र करून शटर वर गेलं.

खिडकीत काका. दोन स्वेटर, हातात चहाचं मोठं गाळणं, त्यातून चहा टपकतोय. अख्खा हॉल वळला. दोन ओळींची जागा केव्हाच संपली होती, पण डीजेने काकांना बघितलं आणि तोच तुकडा पुन्हा लावला. संपला, पुन्हा लावला. काकांचा घसा हलत होता, आवाज येत नव्हता. मी मनात म्हणत होते, काका, गाडीत आहात असं समजा, एकटे आहात असं समजा. डीजेने तुकडा परत लावला. आणि काका बोलले. बीट सोडून, तालाशी काडीचा संबंध न ठेवता, बातम्या वाचल्यासारखे:

चहा आला उकळीला, गाळणं राहिलं हातात,

मग त्यांनी काकूंचं नाव घेतलं. स्वच्छ, सगळ्या अक्षरांसकट. आणि पुढे:

...सारखी दुसरी नाही अख्ख्या न्यू साउथ वेल्सात.

काकांनी फक्त न्यू साउथ वेल्सपुरतंच का म्हटलं, ह्यावर पुढे आमच्यात बरेच वाद झाले. माझं मत असं की शेजारच्या राज्यातल्या बायका त्यांनी पाहिलेल्या नव्हत्या आणि बढाई खरी पाहिजे, हा घरचा नियम होता. एवढं बोलून ते म्हणाले, "चहा तयार आहे," आणि शटर अर्धं खाली ओढलं.

हॉलमध्ये टाळ्या, शिट्ट्या, कोण रडतंय, कोण शेजारच्याला विचारतंय, "हे काकूंचं नाव?" धृपद कधीच सुरू व्हायला हवं होतं. ज्या बाईने झाडाला अडकून कडवं पूर्ण केलं तिला शब्द सापडत नव्हता. माइक हातात तसाच. मग त्यांनी पदराने नाक पुसलं, माइक तोंडाशी नेला आणि म्हणाल्या, "परत म्हणा. मागच्यांना ऐकू आलं नाही."

शटरच्या मागून आवाज आला, "आलं."

पहिल्या रांगेतला ऑसी आजोबा मोदक उंचावून म्हणाला, "डिडन्ट हिअर अ थिंग, मेट." त्याला मराठीचा गंध नव्हता. मग सगळा हॉल वन्समोअर करायला लागला, पोरं बाकं वाजवायला लागली. शटर पुन्हा वर गेलं. काकांनी ह्या वेळी उखाणा घेतला नाही. यमक नाही, न्यू साउथ वेल्स नाही. काकूंकडे बघितलं आणि फक्त नाव घेतलं. नुसतं हाक मारल्यासारखं.

काकूंनी "ओ" दिली.

ह्याला बरीच वर्षं झाली. मी आता स्कोफिल्ड्सला राहते, डीजे मेलबर्नला गेला, कढीपत्ता अजून ओव्हरकोट घालतो. हे लिहायला घेतलं तेव्हा मी क्वेकर्स हिलला जाऊन काकूंना विचारलं, तुमचं नाव घालू का? म्हणाल्या, घाल की, मोठ्या टायपात घाल, शक्य असलं तर रंगीत. काका नळ उघडून बसले होते. तिथूनच म्हणाले, "नको."

"का हो?" मी विचारलं.

"ते मी म्हणतो," काका म्हणाले.

काकू काही वाद घालतील म्हणून मी वाट पाहत होते. त्या माझ्याकडे वळल्या, गॉगल नसतानाही कपाळावर सरकवल्यासारखा हात केला आणि मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाल्या, "बघितलंस? असा नवरा ह्या कौन्सिलच्या हद्दीत दुसरा नाही."

त्यांची बढाई आजवर कधी खोटी निघाली नाही, म्हणून मी नाव घातलेलं नाही.